सहभागी चार यांची अर्धी वाक्यं

मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जर्नलच्या संपादकांचा ई-मेल आला. लेख नाकारलेला नव्हता आणि स्वीकारलेलाही नव्हता. मोठ्या दुरुस्त्या करून साठ दिवसांत परत पाठवा, असा निर्णय होता. सोबत दोन परीक्षकांचे अहवाल होते. परीक्षक कोण हे लेखकाला कळत नाही आणि लेखक कोण हे परीक्षकांना कळत नाही. उपयोजित भाषाविज्ञानाच्या जर्नलांत ही रीत आहे.

पहिला अहवाल अर्ध्या पानाचा होता. संदर्भ अद्ययावत करा, तक्ता सोपा करा, शेवट आटोपशीर करा. दुसरा दीड पानाचा. त्यातला चौथा मुद्दा असा होता: लेखात दिलेल्या संवादांतली माणसं नेहमी पूर्ण वाक्यांत बोलतात. कुणी अडखळत नाही, कुणी शब्द परत उच्चारत नाही, कुणी दुसऱ्याचं बोलणं तोडत नाही. जेवणाच्या टेबलावर असं बोललं जातं का? रेकॉर्डिंग कशा रीतीनं उतरवलं, ते सांगावं.

हा मुद्दा त्या दिवशी तीनदा वाचला. पहिल्या वाचनात तो किरकोळ वाटला होता.

लेखाला महत्त्व होतं ते त्याच्यावर अडलेल्या पीएच.डी.मुळे. ज्या विद्यापीठात माझी नोंदणी होती, तिथे निदान एका लेखाचं स्वीकृतिपत्र जोडल्याशिवाय प्रबंध घेत नसत. मुदत एकदा वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. ती ऑगस्टअखेर संपत होती. दुसऱ्या एखाद्या जर्नलकडे नव्यानं लेख पाठवून उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ उरला नव्हता.

विषय साधा होता. बंगळुरूमधल्या मराठी घरांत माणसं एकमेकांकडे काही मागतात ती कशी मागतात: ताक, चार्जर, मीठ, मुलांना शाळेत सोडण्याचं काम. सहा घरं निवडली होती. तीन पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्यांची, बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींतली. तीन सीमाभागातून येऊन इथे बरीच वर्षं स्थिरावलेल्यांची. प्रत्येक घरी जेवणाच्या वेळी टेबलावर फोन ठेवायचा, तो चाळीस मिनिटं चालू ठेवायचा आणि आपण बाहेरच्या खोलीत बसायचं, अशी पद्धत होती. लेखाचा निष्कर्ष होता की स्थिरावलेल्या घरांत वडीलधारी माणसं सरळ हुकूम सोडतात आणि नव्यानं आलेल्या घरांत आडवळणानं मागितलं जातं. पहिल्या अर्ध्या भागाला मुख्य आधार एका घराचा होता. ते बनशंकरीतलं. लेखात त्या घरातल्या ज्येष्ठ बाईंना 'सहभागी ४' असं म्हटलं होतं.

त्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. नंतर मुलाकडे बंगळुरूला आल्या. सून कन्नड घरातली, लग्नानंतर मराठी शिकलेली. सासूला ती कन्नड रीतीनं अत्ते म्हणते. गल्लीतले बाकी सगळे, फुलवालीपासून शेजारच्या डॉक्टरांपर्यंत, त्यांना अक्का म्हणतात. मीही तेच म्हणत असे.

गुरुवारी अहवाल घेऊन मार्गदर्शक सरांकडे गेले. सर मैसूरूचे. मराठी त्यांना बोलता येत नाही, थोडीफार कळते. आमचं बोलणं निम्मं इंग्रजीत, निम्मं हिंदीत चाले. इथे ते मराठीत दिलं आहे. त्यांनी चौथ्या मुद्द्यावर पेन्सिलीनं रेघ मारली.

"अक्कांचं रेकॉर्डिंग आहे का बरोबर? लावा."

मी लॅपटॉपवर लावलं. उतरवलेल्या मजकुराची छापील प्रत त्यांच्या हातात होती. हिंदीमुळे देवनागरी वाचता येत असल्यानं ते ओळीवर बोट ठेवून ऐकत होते. एकोणीस सेकंदांनी त्यांनी हात वर केला.

"थांबा. 'स्वल्प' म्हणाल्या ना त्या?"

"हो."

"दोनदा म्हणाल्या. इथे कुठे आहे?"

पानावर 'थोडं' होतं. एकदा.

"मला तुमची मराठी येत नाही, म्हणून माझ्या ओळखीचा शब्द धरून चाललो होतो," सर म्हणाले. "तो सापडला नाही म्हणून चुकलो. पुढे लावा."

पुढच्या मिनिटात ते आणखी चार ठिकाणी चुकले. पानावर अक्का असं बोलत होत्या: 'मोठ्या तांब्यात थोडं ताक दे.' सून म्हणत होती: 'तो धुवायचा आहे.' अक्का: 'मग दुसऱ्या कशात तरी दे.' रेकॉर्डिंगमध्ये हे होतं: 'ते... स्वल्प, स्वल्प ताक दे की. त्या मोठ्या तांब्या—' मध्येच सून, 'अत्ते, तो धुवायचाय.' मग अक्का, 'हं. नको मग, त्यात नको. सरी, तू... तू कशात देतीस त्यात दे.'

सरांनी रेकॉर्डिंग स्वतःच बंद केलं.

"हे तुम्ही केलंत?"

"हो. पण केलं हे माहीत नव्हतं."

"नऊ वर्षं इथे राहून तुम्ही कन्नड शिकला नाहीत, ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही," ते म्हणाले. "पण दुसऱ्याच्या तोंडातून काढून घ्यायचं?" मग छापील प्रत खाली ठेवत: "मीही आधी ऐकायला हवं होतं. पान वाचलं आणि सही केली."

हे कसं झालं याचा माग काढायला वेळ लागला नाही. पीएच.डी.आधी चौदा वर्षं मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होते. बातमीदार जे बोलणं लिहून आणतो ते सरळ करणं हे तिथलं रोजचं काम. पुढारी भाषणात वाक्य अर्ध्यावर सोडतो, दुसऱ्या दिवशीच्या अंकात ते पूर्ण असतं. अपघात पाहिलेला माणूस एकच गोष्ट चारदा सांगतो, अंकात ती एकदा येते. यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. वाचक अडखळू नये आणि बोलणाऱ्याचं हसं होऊ नये, इतकाच हेतू असतो. काही वर्षांनी ते हात आपसूक करतो, डोळ्यांना कळतही नाही. हेडफोन लावून बनशंकरीचं रेकॉर्डिंग उतरवताना हात तेच करत होता, आणि उतरवलेलं तपासतानाही तपासणारे कान डेस्कवरचेच होते.

सगळी सहा रेकॉर्डिंगं नव्यानं उतरवायची ठरली. दर पाच सेकंदांनी थांबवायचं, मागे घ्यायचं, ऐकू आलं तेवढंच लिहायचं. श्वास ऐकू आला तर तोही. एका मिनिटाच्या बोलण्याला साधारण पाऊण तास लागत होता. आमच्या हेब्बाळच्या घरात सकाळी नवरा त्याच्या संशोधन संस्थेत गेला की बसायचं आणि दुपारी चारला उठायचं. पहिल्या आठवड्यात हात वाक्य पूर्ण करायचा, मग ते खोडावं लागायचं. दुसऱ्या आठवड्यापासून खोडणं कमी झालं.

जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून जे गळलं होतं त्याची यादी केली. पुनरुक्ती, अर्धी वाक्यं, एकमेकांवर पडलेलं बोलणं, हे अपेक्षित होतं. एक गोष्ट अपेक्षित नव्हती. बेळ्ळंदूरच्या एका घरातला नवरा बायकोला म्हणतो, 'लिसन, माझा चार्जर जस्ट पास कर ना.' हे वाक्य जुन्या प्रतीत जसंच्या तसं होतं. 'लिसन' होतं, 'जस्ट'ही होतं. अक्कांचं 'स्वल्प' मात्र 'थोडं' झालं होतं आणि 'बरं' या अर्थाचं 'सरी' सगळीकडून गेलं होतं. इंग्रजी शब्द राहिले होते, कन्नड शब्द गेले होते. डेस्कवर असा नियम कुणी कधी सांगितल्याचं आठवत नाही.

दुसरी गोष्ट अशी की लेखाचा निष्कर्ष टिकत नव्हता. अक्का हुकूम सोडत नव्हत्या. त्या मागायला सुरुवात करत, सून काही म्हणे, त्या मध्येच वाक्य सोडत आणि 'सरी' म्हणून तिच्या सोयीचं कबूल करत. चाळीस मिनिटांत हे सात वेळा झालं होतं. हुकूम मी लिहिले होते. नवा निष्कर्ष जुन्याच्या जवळपास उलट होता, आणि त्यालाही मुख्य आधार पुन्हा अक्कांचाच होता.

इथे एक अडचण होती. संमतिपत्रात लिहिलेलं होतं की तुमचं जे बोलणं छापायचं ते आधी तुम्हाला दाखवलं जाईल, आणि कोणत्याही टप्प्यावर तुम्हाला ते मागे घेता येईल. वर्तमानपत्रात मजकूर छापण्याआधी बोलणाऱ्याला दाखवत नाहीत, संशोधनात दाखवतात. जुनी प्रत अक्कांना दाखवली होती. ती वाचून त्यांनी "बरं बोलते की मी" असं म्हणून सही केली होती. ती सही त्या मजकुरापुरती होती. नव्यासाठी नवी हवी होती.

बाकीच्या पाच घरांनी आठवड्याभरात सह्या दिल्या. बेळ्ळंदूरच्या नवऱ्यानं फोनवर "आम्ही इतकं भंकस बोलतो?" एवढं विचारलं.

साठांपैकी चाळिसाव्या दिवशी, रविवारी, बनशंकरीला गेले. मॅजेस्टिकपर्यंत बस आणि पुढे मेट्रो, मिळून पावणेदोन तास. फोन टीपॉयवर ठेवला आणि चालू करू का विचारलं; सहभागी व्यक्ती मजकूर वाचून काय म्हणते तेही नोंदवायचं असतं. "कर की," अक्का म्हणाल्या. चष्मा बदलून त्यांनी वाचायला घेतलं. सून चहा ठेवून आत गेली.

"हे कोण बोललंय?"

"तुम्हीच, अक्का."

"मी?" त्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. "पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं, वाक्य पुरं करा, वाक्य पुरं करा. आणि मी हे बोलते? 'ते, स्वल्प, स्वल्प.' भिकारीण मागती काय गं ताक?"

आतून सुनेचं हसणं ऐकू आलं.

"तू हसू नकोस. तुझंही आहे यात," अक्का आतल्या दिशेनं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून: "पहिलं दिलंस ते चांगलं होतं. ते छाप."

"ते मी दुरुस्त केलेलं होतं, अक्का. ते तुमचं नव्हतं."

"चांगलं केलंस की. पोरांच्या वह्या मी काय तशाच परत देत होते?"

टीव्हीच्या कपाटातून त्यांनी लाल पेन काढलं आणि तिथेच दुरुस्त करायला बसल्या. त्यात वीस मिनिटं गेली. तीन पानं झाल्यावर टोपण लावून पानं माझ्यापुढे सरकवली.

"हे छाप. नाहीतर माझं काढून टाक."

समजूत घालायची नाही, हे सरांनी निघण्याआधीच बजावलं होतं. "विचारायला जा, पटवायला जाऊ नका. नाही म्हणायचा हक्क त्यांना आपणच लिहून दिला आहे." म्हणून परीक्षक, मुदत, प्रबंध यांतलं काही सांगितलं नाही. नव्या लेखात त्यांच्या बोलण्यावरून काय निघतं, तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझं स्वतःचं छापलंस काय कधी असं?"

"नाही."

"फोन चालू आहे ना तुझा? मग आज तू जे बोललीस ते उतरव. असंच, श्वासासकट. आणि आण. मग बघू."

लेखाच्या दोन प्रती तयार करायला घेतल्या. एक अक्कांसह, एक त्यांच्याविना. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी डेस्कवर दोन्ही बाजूंचे मथळे आधी लावून ठेवतात, तसं. अक्कांविनाची प्रत सरांनी वाचली आणि परत दिली. "पाच घरं आहेत, पण सांगण्यासारखं काही उरत नाही," ते म्हणाले. "वेळ आली तर पाठवू. परीक्षक घेतील असं वाटत नाही."

त्याच आठवड्यात स्वतःचं बोलणं उतरवलं. सहा घरांच्या सगळ्या कामात एवढं हळू काहीच गेलं नव्हतं. अक्कांना लेखाबद्दल सांगितलं ते आठवणीत नीट, टप्प्याटप्प्यानं होतं. रेकॉर्डिंगमध्ये ते असं होतं: 'म्हणजे अक्का, ते, म्हणजे ॲक्च्युअली कसं आहे की तुम्ही जे, तुम्ही सूनबाईंना... सरी, ते राहू दे.' अकरा मिनिटांच्या बोलण्यात पूर्ण वाक्यं नऊ होती. 'ॲक्च्युअली' चार वेळा होतं. 'सरी' तीन वेळा होतं. आपण 'सरी' म्हणतो हे त्याआधी माहीत नव्हतं. पुन्हा ऐकून खात्री केली. तीनच वेळा.

चोपन्नाव्या दिवशी, पुन्हा रविवारी, ते घेऊन गेले. अक्कांनी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, मग बसल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "आणि तू पेपरात होतीस काय गं?"

"होते."

"तुझ्यापेक्षा मी बरी."

सुनेला हाक मारून त्यांनी मधला भाग मोठ्यानं वाचून दाखवला, माझ्या आवाजाची नक्कल करत. सून दाराला टेकून हसत राहिली. मग लाल पेन आलं. या वेळी लक्ष देऊन पाहिलं. चारही 'ॲक्च्युअली' त्यांनी आडव्या रेघेनं काढले. 'म्हणजे' एक ठेवला, बाकीचे काढले. अर्ध्या वाक्यांना शेपट्या जोडल्या. 'सरी' तिन्ही ठिकाणी तसंच राहिलं.

मागच्या वेळची त्यांनी दुरुस्त केलेली पानं पिशवीत होती. ती काढून पाहिली. तिथेही तेच. पुनरुक्ती काढलेली, वाक्यं पुरी केलेली. 'स्वल्प' एकदा ठेवलेलं, 'सरी' सगळ्या ठिकाणी ठेवलेलं.

"अक्का, 'सरी' ठेवलंत?"

"का? त्यात काय चुकलंय?"

"आणि 'स्वल्प'?"

"दोनदा होतं, एक काढलं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताक स्वल्पच हवं होतं मला."

मी डेस्कवरच्या सवयीनं काय काढलं होतं आणि काय ठेवलं होतं, ते त्यांना सांगितलं. बेळ्ळंदूरचं वाक्यही, कुणाचं ते न सांगता, वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे तुझ्या वहीत माझं 'सरी' चूक आणि त्याचं 'लिसन' बरोबर."

"तसं झालं होतं."

"मास्तरीण बदलली की मार्क बदलतात," त्या म्हणाल्या आणि चहा संपवला. बराच वेळ दोन्ही पानं शेजारी धरून पाहत होत्या. मग विचारलं, "तुझं हे छापणार?"

"संपादक हो म्हणाले तर. एका भागात, तुमच्या दुरुस्त्यांसकट."

"मग माझंही छाप. जसं बोललं तसं. पण खाली माझं लाल शाईचं पण पाहिजे. बाईंनी वाचून सुधारलं, असं लिहायचं. लोकांना कळू दे, मला येतं म्हणून."

लेखात एक नवा भाग आला. एकच बोलणं तीन प्रकारे: जसं बोललं गेलं तसं, माजी उपसंपादकानं सरळ केलेलं, आणि निवृत्त शिक्षिकेनं सरळ केलेलं. चौथ्या मुद्द्याच्या उत्तरात, रेकॉर्डिंग आधी कसं उतरवलं गेलं आणि ते का चुकलं, हे सहा ओळींत लिहिलं. सरांनी त्या ओळींतला एकही शब्द बदलला नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी, गुरुवारी, लेख परत पाठवला. अक्कांविनाची प्रत कुठेही पाठवली नाही.

दुसऱ्या परीक्षकाचा नवा अहवाल जूनअखेर आला. तो तीन ओळींचा होता. लेख घ्यावा अशी शिफारस होती आणि एक विचारणा: लाल शाईनं दुरुस्त केलेल्या पानाचं छायाचित्र देता येईल का? अक्कांना फोन केला.

"अक्षर नीट आहे काय त्यात?" त्यांनी विचारलं.

"नीट आहे."

"मग दे. नाव नको टाकू. नाव तुझ्या कागदावर आहे तेवढं पुरे."

स्वीकृतिपत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं. प्रबंध ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मुदतीच्या चार दिवस आधी, विद्यापीठाच्या खिडकीवर दिला, पोच मिळाली. लेख ऑक्टोबरच्या अंकात आहे. त्याची छापील प्रत बनशंकरीला दिली. लाल शाईचं पान तिथे काळ्या-पांढऱ्यात छापलं आहे.

लेखात अक्का 'सहभागी ४' आहेत. नव्या संमतिपत्रावर सहीच्या जागी त्यांनी पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली, लाल शाईत, एक ओळ: 'वाचलं. मी असंच बोलले.' ते संमतिपत्र विभागाच्या कुलूपबंद कपाटात आहे. नियमानुसार ते पाच वर्षं तिथे ठेवायचं असतं.